प्रतिसाद: मॉडेल रेल्वेची वाघीण रंगली, पण फोटोत खेळणंच दिसतं

रंग झाला, मॅट वार्निश झालं, तरी एचओ मापाची (मॉडेल रेल्वेचं १:८७ प्रमाण) बॉक्सएन वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, फोटोत खेळण्यासारखीच दिसते, असं वर विचारलंय. मला दोष निम्मा रंगाचा आणि निम्मा कॅमेऱ्याच्या उंचीचा वाटतो.

आधी रंग. गंज सगळीकडे सारखा फासू नका. पावसाचं पाणी वरून खाली ओघळतं, म्हणून चपटा ब्रश जेमतेम ओलसर ठेवून फटकारे उभेच मारायचे. खालच्या सांगाड्यावर आणि चाकांभोवती ब्रेकची तपकिरी धूळ हवी. त्यासाठी खडू पेस्टल पॉलिश पेपरवर घासून ती भुकटी कोरड्या ब्रशने लावा, जरा जास्तच. वार्निशखाली ती बरीच फिकी पडते. चाकाचा रुळावर टेकणारा भाग मात्र लख्ख ठेवा. खऱ्या गाडीतही तो चकाकतो, शिवाय मॉडेलमध्ये इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटेच मिळते. (रुळांच्या बाजू रंगवायचा कंटाळा करणारे बरेच आहेत. फोटोत ते लगेच कळतं.)

आता उंची. प्रमाण १:८७, म्हणजे फलाटावर उभ्या माणसाचे डोळे फलाटापासून दोन सेंटिमीटरही उंच नाहीत. मोबाईल उलटा धरा, लेन्स खाली येते. पोर्ट्रेट मोड बंद! मागचं धूसर झालं की वस्तू छोटी असल्याचं डोळा ताडतो. मोठा कॅमेरा असेल तर ट्रायपॉड लावून एफ/१६, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, मागचंही स्पष्ट. उजेड एकाच बाजूचा, शक्यतो सकाळचं ऊन. दोन दिवे लावले तर सावल्याही दोन पडतात.