सीमेवरच्या कॅमेरे-सेन्सरच्या पैशाचा हिशोब कोन पाहते?

कापूसवाला: माया भाऊ बीएसएफमध्ये हाय. २०१८ मध्ये जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यात स्मार्ट कुंपन झालं, २०१९ मध्ये आसामात धुबरीकडं ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटरवर. हिशोब कोन तपासते? माहिती अधिकार टाकू काय?

मास्तर: भाऊ, बीएसएफ गृह मंत्रालयात येते, संरक्षण खात्यात नाई. खर्चाचं ऑडिट कॅग करते, अहवाल संसदेत गेला का लोकलेखा समिती पाहते, २२ खासदार, अन् १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा ठेवाची परंपरा हाय, हे मले लय मोलाचं वाटते. पन हे सारं पैसा खर्च झाल्यावर. आधी गृह खात्याच्या बजेटातल्या पैशाच्या मागण्या संसदेची स्थायी समिती तपासते.

वकीलभाऊ: माहिती अधिकारात बीएसएफले कलम २४ ची सूट हाय, भ्रष्टाचार नाईतं मानवी हक्काचा आरोप असन तरच माहिती मागता येते. त्यापेक्षा खासदाराले लोकसभेत प्रश्न विचाराले सांग.

कापूसवाला: सांगतो. मले चिंता देखभालीची हाय राजेहो, आमच्या गावात कॅमेरे लावले, सहा महिन्यात बंद, दुरुस्तीचा पैसाच धरला नोता. तिकडं तं पोरं रातभर त्या स्क्रीनच्या भरवशावर उभे रायतात.