‘गणवेश’ या शब्दातला ‘गण’ कोणता?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मुलाच्या शाळेकडून आलेल्या सूचनेत एकाच परिच्छेदात ‘गणवेश’, ‘युनिफॉर्म’ आणि ‘ड्रेसकोड’ हे तिन्ही शब्द आहेत. ते समानार्थी मानावेत काय? आणि पोलिसांची ‘वर्दी’ शाळेला का चालत नाही?

प्रतिसाद: ‘वर्दी’चे आधी सांगतो. मराठीत वर्दी देणे म्हणजे खबर देणे. पोलिसांच्या कपड्यांसाठी तो शब्द हिंदीच्या वळणाने रुळला. शिवाय सकाळी रिक्षावाला ‘शाळेची वर्दी आहे’ म्हणतो, तेव्हा ती ठरलेली मुले पोहोचवण्याची बोली असते. शाळेच्या दारात या शब्दाला आणखी एक अर्थ पेलणार नाही.

ड्रेसकोड काय चालेल आणि काय चालणार नाही एवढेच सांगतो. गणवेश रंग, कापड आणि शिवणही ठरवून देतो.

‘गणवेश’ म्हणजे गणाचा वेश. (वेषांतरात ‘ष’ आणि गणवेशात ‘श’ का, हे रूढीलाच ठाऊक, संस्कृतात दोन्ही रूपे आहेत.) सक्तीच्या बाजूने पहिले कारण समानतेचे दिले जाते, पण तो दावा आपल्या शब्दात नाहीच. तो कन्नडमधल्या ‘समवस्त्र’ या शब्दात आहे. त्या समवस्त्रासोबत हिजाब चालेल का, हा वाद कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. आपला शब्द फक्त एवढेच म्हणतो, की हे मूल अमुक गणातले आहे. मग गण केवढा? महाराष्ट्राच्या ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेने २०२४-२५ मध्ये तो सरकारी शाळांपुरता राज्याएवढा केला. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले.

माझ्या मुलीचा पांढरा शर्ट समोर ठेवून पाहिले. तसा शर्ट जांभळी नाक्यावर कुठेही मिळतो. मात्र खिशावर शाळेचे चिन्ह विणलेले असल्यामुळे तो शाळेने सांगितलेल्या एकाच दुकानातून, जवळपास दुप्पट किमतीला घ्यावा लागला. म्हणजे ‘गण’ त्या खिशाएवढाच, बाकी सारा वेश. माझ्या मते शाळेने रंगाची सक्ती जरूर करावी, परंतु चिन्हाचा बिल्ला सुटा द्यावा आणि शर्ट पालकांनी हवा तिथून घ्यावा.

प्रतिसाद (नेरूळ): आमच्याकडे बिल्ला सुटाच मिळतो, मात्र तिसऱ्या धुण्यात त्याचा कोपरा उसवतो आणि सकाळच्या घाईत सुईदोरा शोधावा लागतो, हेही नोंदवून ठेवतो. आपल्या विवेचनात एक भर घालतो. ‘गणवेश’ हा शब्द आमच्या घरात सूचनेच्या कागदापलीकडे येत नाही. मुले रात्री दप्तर भरताना ‘उद्या युनिफॉर्म की पीटी?’ असे विचारतात. पीटीचे कपडेही तितकेच सक्तीचे आहेत, तरीही मुलांच्या लेखी ते युनिफॉर्ममध्ये मोडत नाहीत.