मदत हवी आहे: कराराच्या वाटाघाटी चालू असताना केबिन क्रू सभासदांना माहिती कशी द्यावी?

जंपसीट

केबिन क्रू युनियनच्या माहिती समितीसाठी सल्ला हवा आहे. सभासद साधारण १९००, बेस (जिथून क्रूची ड्युटी सुरू होते ते विमानतळ) चार, आणि जवळजवळ चौथा हिस्सा रिझर्व्हवर, म्हणजे ठरलेलं उड्डाण नसताना बोलावण्याची वाट बघत तयार. बैठका सुरू होऊन चार महिने झाले. पहिल्याच बैठकीत ठरलेल्या नियमांप्रमाणे टेबलावरचे प्रस्ताव बाहेर जाहीर करायचे नाहीत. त्यामुळे दर बैठकीनंतर "चर्चा सकारात्मक वातावरणात झाली" एवढंच पत्रक निघतं आणि आता ते कोणी उघडतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र "लेओव्हरचं हॉटेल सोडून दिलं", "रिझर्व्हचे दिवस वाढणार" असं रोज फिरतंय. (लेओव्हर म्हणजे दोन उड्डाणांमधला बाहेरगावचा मुक्काम.)

गोपनीयता न मोडता किती सांगता येतं? कुठल्या मार्गाने पाठवावं? आणि मसुदा करार हाती आला की मतदानाआधी सभासदांना नेमकं काय काय द्यावं?

कलम_वाचक

आधी नियमांचा तो कागद पुन्हा काढून शब्द न् शब्द वाचा. बरेचदा बंदी प्रसारमाध्यमांवर आणि प्रस्तावांच्या मजकुरावर असते, बैठकीच्या स्थितीवर नसते. तुमच्या कागदात सभासदांनाही काही सांगायचं नाही असं असेल, तर पुढच्याच बैठकीत एका वाक्याची दुरुस्ती मागा: "दोन्ही बाजूंना आपापल्या लोकांना प्रगतीची माहिती देता येईल." व्यवस्थापन आपल्या बेस मॅनेजरांना माहिती देतच असतं, त्यामुळे यावर फार ओढाताण होऊ नये. बंदी नुसत्या प्रस्तावांच्या मजकुरावर असेल, तर मात्र थांबू नका, स्थिती सांगायला सुरुवात करा.

स्थिती सांगायला चार शब्दप्रयोग पुरतात: उघडलेलं नाही, प्रस्ताव दिला, उत्तर आलं, तत्त्वतः मान्य. करारातलं प्रत्येक कलम यांपैकी एकात बसतं. नमुना देतो:

"पत्रक १७. बैठक मंगळवार-बुधवार झाली. पुढची २२ तारखेला, ०८०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ).
ड्युटी मर्यादा व विश्रांती: तत्त्वतः मान्य, दोन्हीकडच्या सह्या झाल्या.
रिझर्व्ह: आपला प्रस्ताव गेला, बुधवारी उत्तर आलं. अडलंय ते बोलावणं आल्यापासून रिपोर्टिंगपर्यंतच्या वेळेवर.
लेओव्हर हॉटेल: उघडलेलं नाही. चालू करारातलं कलम आहे तसं लागू.
पगार: उघडलेलं नाही.
तुमच्याकडून हवं: रिझर्व्हवर असताना बोलावल्याची आणि रिपोर्टिंगची वेळ लिहून बेस प्रतिनिधीला द्या."

हॉटेलची ओळ बघा. अफवेचा उल्लेखही नाही, तरी ती तिथेच संपते. रिझर्व्हच्या ओळीत कशावर अडलंय ते आहे, आकडा नाही. आपण किती तासांवर उतरू, कशाच्या बदल्यात काय सोडू, सभासदांच्या सर्वेक्षणात कुठली मागणी कितव्या नंबरवर आली, हे तीन प्रकार कधीच लिहू नका. १९०० जणांना गेलेलं पत्रक तासाभरात समोरच्या टेबलावर असतं असं धरूनच लिहायचं.

आणि पत्रक बैठकीला बांधू नका, वाराला बांधा. बैठक नसली तरी गुरुवारचं पत्रक गुरुवारी निघालं पाहिजे. "या आठवड्यात बैठक नव्हती, कलमांची स्थिती मागच्याप्रमाणेच" ही दोन ओळींची बातमीसुद्धा बातमीच. गुरुवार रिकामा गेला की शुक्रवारी कोणीतरी स्वतःच्या मनाने तो भरतो.

झुलू_टाइम

मार्गांबद्दल. आपला वाचक एका जागी, एका वेळी जागा नसतो, हे धरून आखणी करा. कोणी उड्डाणात, कोणी विश्रांतीत, कोणी आठ तास मागच्या घड्याळावर.

व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये १०२४ जणच मावतात, शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची. तिथला खरा घोळ असा की ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला संदेश पोचतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेलं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप फक्त "पत्रक १७ निघालं" एवढं कळवायला ठेवा.

मूळ पत्रक ईमेलने, आणि तेही सभासदाच्या खासगी पत्त्यावर. कंपनीचा मेल, कंपनीचा टॅब्लेट, रोस्टरचं (ड्युटीच्या वेळापत्रकाचं) अ‍ॅप यांतलं काहीही वापरू नका. ती यंत्रणा मालकाची आहे आणि कोणी काय उघडलं ते तिथे दिसू शकतं. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातात, म्हणजे १९०० जणांना चार दिवस. काहींना गुरुवारी मिळालेलं पत्रक काहींना रविवारी मिळालं, तर "आम्हाला मुद्दाम उशिरा कळवलं" ही तक्रार आलीच म्हणून समजा. सामूहिक मेल पाठवणारी सेवा घ्या. मजकूर मेलमध्येच लिहा, लॉगिनच्या आड ठेवू नका, म्हणजे एकदा मेल उतरला की विमानातही वाचता येतो.

निकडीसाठी एसएमएस. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात (रोमनमध्ये १६०), मोठा झाला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजली जातात, तेव्हा आधी मोजून बघा.

वेळ नेहमी यूटीसीत, खाली चारही बेसची स्थानिक वेळ. रात्री-अपरात्री सूचना वाजवू नका. विश्रांतीत झोपमोड झाली की माणूस ग्रुप म्यूट करतो, आणि मग मतदानाची शेवटची तारीखही म्यूटच राहते.

जंपसीट

दोघांचेही आभार, हॉटेलच्या ओळीने बरंच उलगडलं. ग्रुपवर थेट खोटं फिरत असेल तर? प्रत्येकाला उत्तर द्यायचं का?

गॅली_मागची

प्रत्येकाला नाही. अफवा दोन वेगवेगळ्या बेसवरून आली की उत्तर द्या, एकाच जागेवरची असेल तर तिथल्या प्रतिनिधीने फोन करावा. उत्तरात खरी गोष्ट आधी लिहा. "हॉटेल सोडलं ही अफवा खोटी आहे" अशी सुरुवात केली, तर झोपेत वाचणाऱ्याच्या डोक्यात "हॉटेल सोडलं" एवढंच उरतं. "हॉटेलचं कलम जसंच्या तसं लागू आहे" असं लिहा आणि थांबा.

पण पत्रक हा एकतर्फी मार्ग झाला. १९०० जणांसाठी साधारण ७० दूत लागतील, प्रत्येकाकडे २५ ते ३० नावं. यादी बेसनुसार करण्यापेक्षा माणूस कसं उडतो त्यावरून करा: रिझर्व्हवाल्यांचा दूत रिझर्व्हवरचाच, लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा त्यातलाच. ज्याची गाठ पडते त्यालाच माणूस मोकळेपणाने विचारतो. दूताने स्वतःच्या अंदाजाने उत्तर द्यायचं नाही, हा नियम कडक ठेवा. प्रश्न एका सामायिक नोंदवहीत नंबर टाकून लिहायचा, ४८ तासांत उत्तर. उत्तर देता येत नसेल तर "हे सध्या टेबलावर आहे, सांगता येत नाही" हेच उत्तर, पण तेही ४८ तासांत. नोंदवहीत एकच प्रश्न पाचव्यांदा आला की पुढच्या पत्रकात तो पहिल्या ओळीत घ्या.

पत्रक निघण्याआधी दोघांनी वाचावं: एक वाटाघाटीत बसणारा, एक अगदी नवा, रिझर्व्हवरचा. नव्याला "तत्त्वतः मान्य" म्हणजे करार झाला असं वाटलं, तर वाक्य बदला. (सुटं कलम मान्य झालं तरी सगळा करार मतदानातून जाईपर्यंत काहीच लागू होत नाही, हे दर पत्रकाच्या तळाशी छापलेलं असावं.)

आणि हे सगळं जमिनीवर. गणवेशात, प्रवाशांच्या कानावर जाईल असं वाटाघाटींबद्दल बोलायचं नाही, ही सूचना पहिल्याच पत्रकात जाऊ द्या.

ब्लॉक_तास

मसुदा कराराबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त विश्वास तिथेच तुटतो.

पूर्ण मजकूर पहिल्याच दिवशी द्या, जुनं कलम डावीकडे, नवं उजवीकडे, बदललेले शब्द ठळक. सोबत दोन पानांचा सारांश, आणि त्यात काय गमावलं तेही लिहा. सारांशात नुसते फायदे असले तर तोटे दुसरं कोणीतरी शोधून काढतं, आणि मग उरलेली दीड पानंही खोटी ठरतात.

पगारवाढीची टक्केवारी तशीच छापू नका. ताशी दर १०० धरा. तीन वर्षांत ५, ३, ३ टक्के वाढ म्हणजे १०५, १०८.१५, १११.३९. तिसऱ्या वर्षी वाढ ११ नव्हे, ११.३९ टक्के. हीच वाढ ३, ३, ५ अशी दिली तर १०३, १०६.०९, १११.३९. शेवटचा आकडा तोच, पण तीन वर्षांची बेरीज ३२४.५४ ऐवजी ३२०.४८. म्हणजे आजच्या एका वर्षाच्या पगाराच्या चार टक्के रक्कम कमी, आणि सारांशात दोन्ही "तीन वर्षांत ११.३९ टक्के" म्हणूनच दिसतात. एकरकमी बोनस वेगळ्या ओळीत दाखवा, तो मूळ दरात धरला जात नाही.

एकच कलम सगळ्यांना सारखं लागत नाही. बोर्डिंगच्या, म्हणजे प्रवासी विमानात चढत असतानाच्या वेळेच्या, पैशांचं उदाहरण घ्या. समजा बोर्डिंग ४० मिनिटांचं आणि दर अर्धा. दिवसाला चार छोटी उड्डाणं करणाऱ्याला ८० मिनिटांचे पैसे मिळतात, एकच लांब उड्डाण करणाऱ्याला २० मिनिटांचे. म्हणून निदान चार नमुने मांडा: नवा रिझर्व्हवाला, छोट्या पल्ल्याचा, लांब पल्ल्याचा ज्येष्ठ, आणि अर्धवेळ. शक्य असेल तर स्वतःचे ब्लॉक तास (विमान जागेवरून हलल्यापासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ) आणि सेक्टर (एकेक उड्डाण) टाकून हिशोब निघेल अशी एक्सेल शीट द्या.

मतदान किमान १४ दिवस उघडं ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या रोस्टरमध्ये एखादी तरी सुट्टी येते. ऑनलाइन सभा तीन, वेगवेगळ्या वेळी, आणि रेकॉर्डिंग त्याच दिवशी.

"नाही" आलं तर काय, हे मतपत्रिकेआधीच लिहून द्या. समितीने आणलेला मसुदा सभासद नाकारतात, हे दुर्मीळ नाही. अलास्का एअरलाइन्सच्या क्रूने ऑगस्ट २०२४ मध्ये ६८ टक्के मतांनी नाकारला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुधारलेला ९५ टक्क्यांनी स्वीकारला. युनायटेडच्या क्रूने जुलै २०२५ मध्ये ७१ टक्क्यांनी नाकारला. नकार म्हणजे संप नव्हे. पुढचे टप्पे तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे क्रमाने मांडा. उदाहरणार्थ अमेरिकेत विमान कंपन्यांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू आहे. तिथे मध्यस्थ मंडळाने मध्यस्थी संपवून दोन्ही बाजूंना मोकळं केल्यावरही संपाआधी ३० दिवस थांबावं लागतं. असा तक्ता हाती नसला की "नाही म्हटलं तर उद्यापासून नोकरी जाईल" ही अफवा हमखास येते.

जंपसीट

नियमांतल्या दुरुस्तीचं वाक्य पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकतो आहोत. पहिलं स्थितीपत्रक या गुरुवारी. एकच शंका: तत्त्वतः मान्य झालेल्या कलमाचा मजकूर लगेच द्यावा, की सगळा मसुदा एकदम?

कलम_वाचक

एकदम. सुटं कलम दिलं की त्याच्या बदल्यात दुसरीकडे काय मिळालं ते दिसत नाही, आणि शेवटच्या रात्री पगारासाठी तेच कलम पुन्हा उघडावं लागलं तर "दिलेलं काढून घेतलं" असं होतं. सह्या झाल्याची तारीख मात्र पत्रकात लिहा.