गोंदलेल्या स्त्रियांना पाहायला तिकीट का लागत असे?

प्रश्न (चामोर्शीकर):
माझ्या आजीच्या हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळस आणि पोटरीवर विंचू गोंदलेला होता. मार्कंड्याच्या जत्रेत पायलीभर तांदूळ देऊन तिने ते गोंदून घेतले होते. अमेरिकेत गोंदलेल्या स्त्रिया सर्कशीच्या बाजूच्या तंबूत तिकीट लावून दाखवत, असे नुकतेच वाचले. आमच्या गावात ज्याकडे कोणी मान वळवून पाहिले नाही, त्याला तिथे पैसे कसे मिळाले?

उत्तर (वरोऱ्याचे निवृत्त शिक्षक):
माझ्या मते पैसे चित्रांपेक्षा सोबतच्या कहाणीला मिळत. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आलेली नोरा हिल्डेब्रांट सांगत असे की, सिटिंग बुल या मूलनिवासी नेत्याच्या लोकांनी तिला आणि तिच्या वडिलांना पकडले आणि वडिलांना धमकावून तिचे सर्वांग गोंदवून घेतले. ही शुद्ध थाप होती. तिला गोंदणारा मार्टिन हिल्डेब्रांट हा न्यूयॉर्कमधला धंदेवाईक गोंदणारा होता. परंतु त्या काळात बाईने आपण होऊन गोंदून घेतले म्हटले असते, तर तिची अब्रू गेली असती. जुलूम झाला म्हटले की प्रेक्षक हळहळतही आणि निवांत न्याहाळतही.

उत्तर (ब्रह्मपुरीची वाचक):
या थापेचे मूळ ऑलिव्ह ओटमन या अमेरिकी मुलीच्या खऱ्या हकिकतीत असावे. १८५१ मध्ये कुटुंबावर हल्ला होऊन ती पकडली गेली, पुढे मोहावे या मूलनिवासी लोकांत राहिली आणि १८५६ मध्ये परतल्यावर हनुवटीवरच्या निळ्या रेघांसह व्याख्याने देऊ लागली. श्रोत्यांना त्या रेघा गुलामीची खूण वाटत. वास्तविक मोहावे स्त्रिया स्वतःही हनुवटी गोंदवीत, कारण गोंदणाशिवाय मेलेल्या माणसाला पूर्वजांच्या देशात जागा मिळत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

चामोर्शीकर:
हे वाचून थबकलो. आजीही म्हणे, "दागिने इथंच राह्यते, गोंदन तेवढं संग येते."

उत्तर (वरोऱ्याचे निवृत्त शिक्षक):
पुढे कहाणीची गरज उरली नाही. १९२७ मध्ये सर्कशीत आलेली बेटी ब्रॉडबेंट १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील सौंदर्यस्पर्धेतही उतरली. मॉड वॅग्नर तर स्वतः गोंदणारी झाली. गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट १८९१ मध्येच निघाले असले, तरी ती आपल्या जत्रेतल्या गोंदणारणीप्रमाणे हातानेच सुई टोचत असे.