पाहुण्यांना सोलापूर पायी दाखवताना: तुमचे अनुभव सांगा

सोलापूरला येणारा पाहुणा बहुतेक वाटेवरचा असतो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या तिन्हींच्या मध्ये आमचं घर म्हणजे रात्रीचा मुक्काम. गेल्या दिवाळीत नाशिकहून मावशी-काका आले, तेव्हा मी त्यांच्याकडून एक अख्खा दिवस मागून घेतला. गाडी काढायची नाही, एवढंच ठरवलं होतं.

कुठून कुठं न्यायचं याचा विचार करताना लक्षात आलं, की वाट तर आखलेलीच आहे. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेत, सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, जातात तीच. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघालो आणि दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असं करत सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी आलो. यात्रेत या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी दुकानांच्या पायऱ्या धुतल्या जात होत्या. एवढ्या उंच काठ्या या वळणांवरून नेतात कशा, असं काकांनी तीन ठिकाणी थांबून विचारलं.

सम्मती कट्ट्यापाशी मी गोष्ट सांगितली. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. त्या लग्नाच्या अक्षता अजून दर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, पडतात. सम्मती, म्हणजे त्या लग्नाची मंगलाष्टकं, वाचून झाली, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ ऐकू आलं, की सगळी गर्दी एकदम अक्षता टाकते. मावशी म्हणाली, “म्हणजे तुम्ही सगळे दरवर्षी त्या मुलीच्या लग्नाला जाता.” मी लहानपणापासून जातोय. असं कधी मनात आलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या पाहुण्यांना कुठं नेलंत? जे चुकलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

साखर पेठेतून

आमच्या पूर्व भागात कुणी पाहुण्यांना फिरवायला आणत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. घरात आम्ही तेलुगू बोलतो, माझी बायको कोल्हापूरची. तिचे आई-वडील पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांना चादर घ्यायची होती. म्हटलं, मामा, आधी विणताना बघा, मग घ्या.

कन्ना चौकातून आत गल्लीत शिरलो. माग दिसायच्या आधी ऐकू येतो. ओळखीच्या कारखान्यात नेलं. सासरे शेतकरी माणूस, यंत्रांची आवड. जकार्डवर भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथली तार उचलली जाते आणि त्यातून चादरीवर नक्षी उमटते, हे समजून घ्यायला ते पाऊण तास उभे होते. कामगारानं धोटा हातात दिला, त्यातली कांडी कशी बदलायची ते दाखवलं. तो माणूस वीस वर्षं रात्रपाळी करतो. त्याला ऐकायला कमी येतं, म्हणून सगळं खुणांनी आणि ओठांनी चाललं होतं.

दुसरीकडं विणलेल्या चादरीही सोलापुरी म्हणून खपवल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. भौगोलिक मानांकन आहे, पण गिऱ्हाइकानं विचारलं तर ना! सासऱ्यांनी दोन चादरी घेतल्या. गावात आता पाहुणा आला की ते चादर उलटी करून मागची बाजू दाखवतात आणि तारा कशा उचलल्या जातात ते सांगतात. पुढच्या वेळी नारळी पौर्णिमेला या, असं त्यांना सांगितलंय. त्या दिवशी मार्कंडेयांचा रथ निघतो आणि अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो.

सात रस्त्याजवळून

माझं चुकलं ते लिहिते. मे महिन्यात दिरांना आणि जाऊबाईंना किल्ला दाखवायला नेलं, घरातून निघेपर्यंत साडेनऊ झाले होते. बत्तीसखांबी बघून तटावर चढलो. तटावरून एकीकडं तळं आणि त्यातलं मंदिर दिसतं, तिथं दीर खाली बसले. घाम यायचा थांबला होता. दोघा पोरांनी धरून सावलीत आणलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, ओला रुमाल मानेवर ठेवला. तासाभरानं बरं वाटलं. पण तो तास मी विसरलेली नाही. आमचं ऊन आम्हाला सवयीचं, पाहुण्यांना नाही. मार्च ते जून सहाला निघा, नाहीतर निघूच नका.

भैय्या चौकातून

छोटासाच अनुभव. बंगळूरचा भाचा, वय चौदा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात नेलं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, १९४२ मध्ये तिकडंच वारले. भाच्यानं वहीत जन्माचं साल १९१० आणि १९४२ लिहून वजाबाकी केली आणि म्हणाला, “मामा, तुमच्यापेक्षा लहान होते.” बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

पुण्यातून, माहेर सोलापूर

मी स्वतःच आता पाहुणी. जानेवारीत मुलींना घेऊन जाते. हुरडा, शेंगापोळी, गड्डा सगळं एकदम मिळतं. पण बारा तारखेला आधी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं मला वडिलांनी याच जागी उभं करून पाठ करून घेतली होती. मुली मोठ्यानं म्हणतात, धाकटी अजून ‘धनशेट्टी’वर अडते. मग पार्कावर पाणीपुरी. वडीलही तेच करायचे.

जुळे सोलापुरातून

सगळं वाचलं. लई बरं वाटलं बगा. पण आमच्या आत्याचे गुडघे गेलेत, तिला कसं फिरवायचं? तिचं लग्नाआधीचं घर चाटी गल्लीत होतं, तेवढं तरी दाखवायचंय.

धागा सुरू करणारा

आत्यांना मधल्या मारुतीपर्यंत रिक्षानं आणा आणि पुढं शंभर पावलं चालवा. सकाळी आठच्या आत आलात तर गर्दी नसते. प्लास्टिकची घडीची खुर्ची सोबत ठेवा, नाहीतर कुठल्याही दुकानात मागा, देतात. मी त्याच बाजूला राहतो. दिवस कळवा, चहा घेऊन येतो.