विम्याच्या सक्तीचा मुद्दा राहून गेला
अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेल्या २००८ च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत ओबामा म्हणजे नुसती प्रतिमा आणि हिलरी क्लिंटन म्हणजे धोरण, अशी विभागणी केली जाते; ती मला अर्धीच पटते. इराक युद्धाला ओबामांनी ऑक्टोबर २००२ मध्येच जाहीर विरोध केला होता, तर क्लिंटन यांनी त्याच महिन्यात सिनेटमध्ये युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. हा फरक वक्तृत्वाचा नव्हे. मात्र ओबामांच्या सभांच्या गर्दीपेक्षा ज्यावर तेव्हा कितीतरी अधिक बोलले जायला हवे होते, असे मला मनापासून वाटते, तो मुद्दा आरोग्यविम्याचा. विमा सर्वांना सक्तीचा असावा, ही क्लिंटन यांची भूमिका ओबामांनी प्रचारात नाकारली, स्वतःच्या योजनेत सक्ती मुलांपुरतीच ठेवली, आणि अध्यक्ष झाल्यावर २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात प्रौढांसाठीही सक्ती आणली.