मदत हवी आहे: मराठी पासफ्रेजमधल्या 'ऱ्या'मुळे फाईल उघडत नाहीये

नमस्कार मंडळी, बाबांच्या कागदपत्रांसाठी मी पायथनमध्ये एक छोटं एन्क्रिप्शन टूल लिहिलंय, पासफ्रेज (शब्दांचा लांब पासवर्ड) यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट्स करायची पद्धत) करून पीबीकेडीएफ२ला (पासवर्डपासून एन्क्रिप्शनची की, म्हणजे किल्ली, बनवणारी पद्धत) देतो, बाकी सगळं नेहमीचंच. बाबांनी पासफ्रेज मराठीत ठेवला (त्यांना तोच लक्षात राहतो, आणि तो त्यांचा हक्कच आहे), कम्प्युटरवर उघडतो पण फोनवरून टाकला की चुकीचा म्हणतं!

शेवटी बाइट्स छापून बघितले तेव्हा कळलं. समजा शब्द 'दुसऱ्या' आहे, तर एका कीबोर्डवरून ऱ, हलन्त, या असं येतं म्हणजे २१ बाइट्स, आणि दुसऱ्यावरून साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह) आणि या, म्हणजे २४. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करणारी युनिकोडची पद्धत) लावून पाहिलं, त्याने र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असेल तर त्याचा ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप तसंच राहतं. आरएफसी ८२६५ (युनिकोडमधले पासवर्ड कसे हाताळायचे याचं इंटरनेट मानक) पण वाचलं, तिथेही एनएफसीच आहे आणि हलन्तानंतरचा झेडडब्ल्यूजे चालतो, म्हणजे आपला प्रश्न तिथेच.

आता एन्क्रिप्शनची की बनवायच्या आधी मीच र+हलन्त+झेडडब्ल्यूजेचं ऱ+हलन्त करून टाकू का? नेपाळी किंवा कोकणी लिहिणाऱ्याचं त्यात काही बिघडेल का? आणि जुन्या फाईल्ससाठी दोन्ही रूपं वापरून बघायची, उघडली की नव्या पद्धतीने परत लॉक करायची आणि फाईलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) व्हर्जन नंबर टाकायचा असं डोक्यात आहे, कोणी असं केलंय का? 'इंग्रजी पासवर्ड ठेव' हे उत्तर प्लीज नको.